टेकून बसायची मोटरवाली तीनचाकी: घरी बनवायची असेल तर मोटर सगळ्यात शेवटी

यूट्यूबवर 'घरच्या घरी इलेक्ट्रिक गाडी' असा व्हिडिओ लागला की मोटर बसवण्याचा भाग सगळ्यात मोठा असतो. वायर जोडली, थ्रॉटल पिळला, चाक गरगर फिरलं, खाली टाळ्या. पण मोटर, कंट्रोलर आणि बॅटरीचं किट आज ऑनलाइन मिळतं आणि एका दुपारी जोडून होतं. वळणावर गाडी उलटणार की नाही, हे मात्र त्याच्या आधी, वेल्डिंगच्या दुकानात ठरतं.

आधी गाडी कोणती ते बघू. रिकम्बंट ट्रायसायकल म्हणजे आरामखुर्चीत बसल्यासारखं मागे टेकून, पाय पुढे पसरून चालवायची तीनचाकी. पेडल पुढे, सीट जमिनीच्या जवळ. ही कल्पना जुनी आहे. १९३३ मध्ये फ्रान्समध्ये फ्रान्सिस फोरने अशाच टेकून चालवायच्या दुचाकीवर एका तासात ४५ किलोमीटरचा विक्रम केला. पुढच्याच वर्षी सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या सायकली शर्यतींतून बाद केल्या!

आता मुद्द्याचं. तीन चाकं म्हणजे पडायची भीती नाही, असं आपल्याला वाटतं. उभ्या गाडीपुरतं ते खरं आहे. पण दुचाकी वळताना आत झुकते, तीनचाकी झुकत नाही. त्यामुळे वळणावर सगळा जोर तिला बाहेरच्या बाजूला उलटवायला बघतो. गणित करून पाहू. पुढे दोन चाकं, त्यांच्यात ८० सेंटिमीटर अंतर, मागे एक चाक आणि दोन तृतीयांश वजन पुढच्या चाकांवर. सीट खाली असेल आणि माणसासकट गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर असेल, तर ५ मीटर त्रिज्येच्या वळणावर गाडी ताशी १९ किलोमीटरच्या आसपास उलटायला लागते. तीच सीट साध्या सायकलीसारखी उंच करून गुरुत्वमध्य ९० सेंटिमीटरवर नेला, तर ताशी १४ लाच. मोटर २५ चा वेग सहज देते. म्हणजे खाली टेकून बसणं हा फक्त आरामाचा मामला नाही.

मग दोन चाकं पुढे की मागे? मागे दोन असतील तर बनवायला सोपं, कारण पुढचा भाग सायकलीचाच वापरता येतो. पण वळता वळता ब्रेक दाबला की वजन पुढे सरकतं, आणि तिथे आधाराला एकच चाक असतं. माझं मत सरळ आहे: मोटर लावायची असेल तर दोन चाकं पुढेच.

यात खरं डोकं लागतं ते स्टिअरिंगला. वळताना आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, बाहेरचं मोठ्या. दोन्ही सारखीच वळवली तर एक चाक रस्त्यावर घासत जातं, टायर महिन्याभरात संपतो आणि गाडी हातात राहत नाही. उपाय दोरीने मोजता येतो. चाकं सरळ ठेवा आणि प्रत्येक चाक वळवणारी जी पट्टी असते, तिच्या रेषेत मागे दोरी ताणा. दोन्ही दोऱ्या मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यावर भेटल्या पाहिजेत. याला अ‍ॅकरमन स्टिअरिंग म्हणतात. कारमध्येही तत्त्व हेच. नळदुर्गसारख्या गावात ग्रिल आणि ट्रॉली बनवणारा वेल्डर मिळतोच, त्याला हे कागदावर काढून दाखवा.

पुढची चाकं एकाच बाजूने धरलेली असतात. तिथे सायकलीचा नेहमीचा बारीक अ‍ॅक्सल वाकतो, जाडच हवा. चाकं २० इंची घ्या, आडवा जोर मोठ्या चाकापेक्षा चांगला सोसतात. ब्रेक पुढच्या दोन्ही चाकांना, आणि सारखे लागणारे. डावा आधी धरला तर गाडी डावीकडे ओढते.

आपल्याकडे हे काम आधी झालेलं आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी सायकल रिक्षा सुधारण्यावर काम केलं आणि २००२ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात त्यावर लेखही लिहिला. पेडलला मोटरची जोड असलेली रिक्षा त्यांनी केली, पूर्ण इलेक्ट्रिकही केली. पण बिनमोटरची रिक्षासुद्धा त्यांनी सुधारली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता मोटर. माणूस धरून गाडी १०० किलो असेल तर सपाट रस्त्यावर ताशी २० ला साधारण १०० वॅट लागतात, बॅटरीतून १३० धरा. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची बॅटरी ३६० वॅट-अवर देते. त्यातले ८० टक्के वापरले तर कागदावर ४४ किलोमीटर. नळदुर्ग ते सोलापूर साधारण ४५. म्हणजे पेडल मारावंच लागणार. चढावर हिशेबच बदलतो: ५ टक्के चढ ताशी २० ने चढायला ३६० वॅटच्या पुढे लागतात, ताशी १० ने १७० पुरतात. तेव्हा घाटात हळू जा.

बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज लावा, ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा स्विच लावा. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून पॅक बनवायचा मोह टाळा, एक खराब सेल आग लावायला पुरेसा आहे. हब मोटरला टॉर्क आर्म हवाच, नाहीतर अ‍ॅक्सल फिरून वायर तोडतो.

कायद्याचंही बघा. २५० वॅटपेक्षा कमी मोटर आणि ताशी २५ पेक्षा कमी वेग असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांत सूट आहे, पण ती मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासल्यावर. पुण्यातली एआरएआय ही अशीच एक संस्था. घरी जोडलेल्या गाडीला ती सूट आपोआप मिळत नाही. गवत कापायच्या यंत्राचं पेट्रोल इंजिन लावायचा विचार असेल तर २५ सीसीच्या वर ते थेट मोटार वाहन ठरतं, मग नोंदणी आलीच.

त्यामुळे चाचण्या शेतात किंवा मोकळ्या मैदानावर, मालकाला विचारून घ्या. आधी मोटर न लावता, पेडलवर, दोन्ही बाजूंना वळून आणि ब्रेक दाबून बघा. नळदुर्गाजवळून जाणाऱ्या सोलापूर-हैदराबाद महामार्गावर तर ही गाडी नेऊच नका. तुमचं डोकं ट्रकच्या बंपरच्या उंचीला असतं आणि शेजारून जाणाऱ्या ड्रायव्हरला केबिनमधून तुम्ही दिसत नाही. गावातल्या रस्त्यावरही मागे सहा फुटी काठीला भगवा किंवा पिवळा झेंडा आणि लाल दिवा बांधा.