फार्महाऊस तुमचं, नेम तुमचा... आणि परवाना?

शनिवारची दुपार. मुळशीकडे कुणाच्या तरी काकांचं फार्महाऊस. बार्बेक्यू पेटायला वेळ आहे, आणि ग्रुपमधला एक जण डिकीतून लांबट बॅग बाहेर काढतो. आंब्याच्या झाडाला पुठ्ठा बांधला जातो, त्यावर मार्करने वर्तुळं काढली जातात. ‘चल, एक नेम मार!’ पंधरा मिनिटांत आख्खा ग्रुप ऑलिंपिकला निघालेला असतो. आणि विसाव्या मिनिटाला गेटवर पोलिसांची गाडी उभी! शेजारच्या बंगल्यातल्या आजोबांनी ११२ फिरवलेला असतो.

मग ग्रुपमधला सगळ्यात स्मार्ट प्राणी पुढे होतो आणि म्हणतो, ‘साहेब, प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे ही.’

बॉस, हा डायलॉग हॉलिवूडचा आहे. टेक्साससारख्या ठिकाणी स्वतःच्या मोठ्या जमिनीवर नेमबाजी करणं ही रोजची गोष्ट असेलही. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याला मात्र सातबारा कुणाच्या नावावर आहे याच्याशी घेणंदेणं नाही. शस्त्र कोणतं, ते कुणाच्या हातात आहे आणि परवाना कशासाठी दिलाय, एवढंच तो विचारतो.

‘अरे, पण एअरगनच आहे ना!’ इथेच बहुतेकांची विकेट पडते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे एअरगनची ताकद २० ज्यूलपेक्षा जास्त असेल किंवा तिचा बोअर ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा असेल, तर परवाना हवाच. नुसती ‘एअर’ म्हणून सूट नाही. ५.५ मिलिमीटरवाली, म्हणजे आपण ज्याला पॉइंट टू-टू एअरगन म्हणतो ती, सरळ या मर्यादेच्या बाहेर जाते. ऑलिंपिकची दहा मीटरची एअर रायफल ४.५ मिलिमीटरचीच असते आणि तिची ताकद जेमतेम साडेसात ज्यूलच्या घरात. अभिनव बिंद्राच्या आई-वडिलांनी त्याला घरीच इनडोअर रेंज बांधून दिली होती आणि २००८ मध्ये बीजिंगला त्याने याच प्रकारात गोल्ड मारलं. त्यामुळे घरच्या आवारात सराव करणं म्हणजे गुन्हाच, असं अजिबात नाही. फक्त मर्यादेतल्या एअरगनचं बिल आणि तिची माहिती असलेला खोका जपून ठेवा. गेटवर उभ्या असलेल्या हवालदाराला ज्यूल मोजता येत नाहीत, बिल वाचता येतं.

आता खऱ्या बंदुकीकडे येऊ. विनापरवाना बंदूक बाळगली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान दोन वर्षं, कमाल पाच वर्षं, वर दंड. खटला कोर्टात उभा राहिला की पासपोर्टचं काम अडतं, आणि ऑनसाइटचं स्वप्न बघणाऱ्यांना यापेक्षा वेगळी भीती घालायची गरज नाही.

काकांकडे लायसन्स आहे? छान. ते काकांचं आहे. परवानाधारकासमोर त्याच्यासाठी बंदूक उचलून नेण्याची मुभा कायदा देतो. तुम्ही हौसेने दोन राउंड मारण्याची नाही. शिवाय काकांनी परवान्याच्या अटी मोडल्या असं ठरलं, तर तो त्यांच्यावर वेगळा गुन्हा. परवाना शेताच्या राखणीसाठी किंवा स्वसंरक्षणासाठी दिलेला असतो. शनिवारच्या करमणुकीसाठी तो दिल्याचं ऐकिवात नाही. आणि परवाना असो वा नसो, निष्काळजीपणे किंवा पार्टीच्या जोशात गोळी झाडून कुणाच्या जिवाला धोका निर्माण केला, तर २०१९ पासून त्यासाठी खास कलम आहे : दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कायद्यातली ‘फायरआर्म’ची व्याख्याही ऐसपैस आहे. स्फोटकाने किंवा ‘अन्य ऊर्जे’ने गोळी सोडणारं शस्त्र तीत बसतं. एअरगनवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. पुठ्ठ्याच्या मागे मातीचा उंच बांध आहे की पलीकडच्या वाडीची वाट, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

साहेब आले, आता?

सगळ्यात आधी शस्त्र रिकामं करा, तोंड माणसांपासून दुसरीकडे करून खाली ठेवा आणि हात मोकळे दिसू द्या. बोलणं नंतर. हातात बंदूक घेऊन ‘माझे राइट्स’ समजावणं ही जगातली सगळ्यात वाईट आयडिया आहे.

शस्त्र बाळगणाऱ्याकडे परवाना मागण्याचा अधिकार कुठल्याही पोलीस अधिकाऱ्याला आहे (शस्त्र कायदा, कलम १९). परवाना दाखवला नाही तर तो नाव-पत्ता विचारू शकतो, शस्त्र ताब्यात घेऊ शकतो. नाव-पत्ता द्यायला नकार दिला किंवा खोटा दिला, तर वॉरंटशिवाय अटकही करू शकतो. तेव्हा इथे हुज्जत घालू नका. धक्काबुक्की तर नकोच. सरकारी कामात अडथळ्याचं ते प्रसिद्ध ‘३५३’ १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत १३२ झालंय, नंबर बदलला तरी ताप तोच.

घराची झडती हा मात्र वेगळा विषय. हातातल्या बंदुकीबद्दल विचारणं एक आणि बेडरूमची कपाटं उघडणं दुसरं. दंडाधिकाऱ्याचं वॉरंट नसेल, तर तपास अधिकाऱ्याला झडतीची कारणं आधी लेखी नोंदवावी लागतात. परिसरातले दोन पंच लागतात. तुम्हाला हजर राहता येतं आणि जप्त केलेल्या वस्तूंच्या यादीची प्रत तुम्हाला मिळाली पाहिजे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडती-जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरणही बंधनकारक आहे (कलम १०५). ‘साहेब, शूटिंग सुरू आहे ना?’ हे नम्रपणे विचारायला हरकत नाही. शूटिंग हा शब्द मात्र तिथे जपून वापरा!

अटक आपोआप होत नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का गरजेची आहे हे पोलिसांना लेखी नोंदवावं लागतं. नाहीतर हजर राहण्याची नोटीस (कलम ३५). सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात हे ठणकावून सांगितलंय. नोटीस आली तर जा. न गेल्याने अटकेला आयतं कारण मिळतं. अटक झालीच तर कारण विचारा, घरच्यांना कळवायला सांगा, वकिलाला भेटण्याचा आग्रह धरा. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करणं हे पोलिसांचं कर्तव्य. स्वतःला गोत्यात आणणाऱ्या प्रश्नाचं उत्तर देण्याची सक्ती नाही आणि तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर तुमची सहीही घ्यायची नसते, ही गोष्ट घाबरलेल्या माणसाला हटकून माहीत नसते. ग्रुपमधल्या मुलींसाठी : सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची पूर्वपरवानगी लागते. साक्षीदार म्हणूनही त्यांना पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब त्या राहतात तिथेच घ्यायचा असतो.

एक गोष्ट पोलिसांच्या नाही, वनखात्याच्या हद्दीतली. पुठ्ठ्याचा कंटाळा आला की कुणीतरी फांदीवरच्या पक्ष्यावर नेम धरतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात नुसता प्रयत्नही शिकारच. नेम चुकला म्हणून सुटका नाही. फार्महाऊस कर्नाळ्याच्या आसपास असेल तर आणखी जपून. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकाला वनखात्याकडे वेगळी नोंदणी करावी लागते, आणि अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरायला लेखी परवानगी.

खाज खरी असेल तर तिच्यासाठी सरळ रस्ता आहे. वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशन, पुण्यात बालेवाडी, कोल्हापुरात दुधाळी. राधानगरीच्या कांबळवाडीतल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं, तेव्हापासून ‘हे आपल्यातल्या पोराला जमतं’ हे आया-बाबांनाही पटलंय. आणि शस्त्र कायद्यातच (कलम १३) लिहिलंय, मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला टार्गेट प्रॅक्टिससाठी पॉइंट टू-टू रायफलचा परवाना मिळू शकतो. अर्ज शहरात पोलीस आयुक्तांकडे, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे. वयाची २१ पूर्ण हवीत, आणि मिळालेला परवाना पाच वर्षं चालतो.