प्रसूतिविचार, लेखांक सातवा : पाठीला पाठ लावून आलेले मूल

मागील लेखांकात प्रसूतीच्या अवस्थांचे जे वर्णन केले, त्यात मूल मातेच्या उदरात डोके खाली, हनुवटी छातीला टेकलेली आणि तोंड मातेच्या कण्याकडे, अशा सोयीच्या स्थितीत आहे असे गृहीत धरले होते. डोके खालीच असले, तरी मुलाची पाठ मातेच्या पाठीला लागलेली आणि तोंड तिच्या पोटाकडे असेल, म्हणजे मूल उताणे असेल, तर काय घडते, त्याचा विचार आज करावयाचा आहे. हा विषय परभणी जिल्ह्याच्या संदर्भात मांडण्याचे कारण असे की, ह्या प्रसंगी मातेला आणि तिच्या सोबतच्या माणसांना सर्वांत अधिक लागते ती मुदत. आणि पालम किंवा जिंतूर तालुक्यातील एखाद्या आडगावापासून शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता त्याच मुदतीतून आपला वाटा काढून घेतो.

ही स्थिती म्हणजे व्याधी नव्हे, हे आधी सांगून टाकले पाहिजे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मूढगर्भाचे कील, प्रतिखुर, बीजक व परिघ असे चार प्रकार दिले आहेत. त्यांपैकी एकातही हे मूल बसत नाही, कारण ते आडवे नसते आणि त्याचे हातपायही पुढे आलेले नसतात. पायाळू माणसाला आपल्याकडे लोकसमजुतीने एक मान दिला आहे, आणि कमरेत उसण भरली की त्याची लाथ खावयास चांगली शहाणी माणसेही जातात. उताण्या मुलाच्या वाट्याला असले काही आले नाही, कारण बहुधा ते जन्मापूर्वीच वळते आणि ते उताणे होते ह्याची वार्ता घरात कोणाला लागतही नाही. वेणा सुरू होताना शंभरांतील पंधरा ते तीस मुले अशा स्थितीत असतात. प्रत्यक्ष जन्माच्या वेळी त्यांची संख्या सुमारे पाचावर येते. गंमत अशी की, फिनलंडमधील डॉक्टरांनी सोनोग्राफीने केलेली जी पाहणी १९९८ साली प्रसिद्ध झाली, तीत जन्मताना उताण्या ठरलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले आरंभी उताणी नव्हतीच. ती वेणांच्या दरम्यान उलट्या दिशेने वळली होती. तेव्हा नवव्या महिन्यात कोणी पोट चाचपून ‘मूल उताणं आहे’ असे सांगितले म्हणून घाबरावयाचे कारण नाही, आणि ‘सरळ आहे’ म्हटले म्हणून निर्धास्त राहावे असेही नाही.

अडचण मुळात मापाची आहे. तंग गळ्याचा सदरा अंगात चढवताना माणूस न सांगता हनुवटी छातीकडे नेतो, आणि नेमके हेच मूल मातेच्या श्रोणीतून उतरताना करीत असते. तसे केले की मस्तकाचा जो व्यास वाटेत येतो तो साडेनऊ सेंटिमीटरांचा असतो. पाठीला पाठ लागली की मातेच्या कण्याचा पुढे आलेला बाक मुलाच्या पाठीला आड येतो, ते ताठ होते, हनुवटी वर उचलली जाते, आणि मग जो व्यास पुढे येतो तो सुमारे साडेअकरा सेंटिमीटरांचा. दोन सेंटिमीटरांचा हा फरक ऐकावयास किरकोळ वाटतो. पहिलटकरणीच्या बाबतीत तो कित्येक तासांचा ठरतो. असे का होते ह्याची कारणे अनेक आहेत. कोणाची श्रोणी पुढील बाजूस अरुंद असते, कोणाची मागे-पुढे लांबट असते, कोणाची वार पुढच्या भिंतीला लागलेली असते. पुष्कळदा कारण म्हणून बोट दाखवावे असे काहीच सापडत नाही.

ह्या अडचणीतून सुटण्याची तजवीजही शरीरात केलेली आहे. श्रोणीच्या तळाचे स्नायू पुढच्या बाजूस उतरते असतात, आणि मस्तकाचा जो भाग त्यांवर प्रथम टेकतो तो पुढे वळविला जातो. हनुवटी पुरेशी वाकलेली असेल तर डोक्याची मागची बाजू आधी टेकते, आणि ती वर्तुळाच्या आठ भागांपैकी तीन भाग एवढे लांबचे परिभ्रमण करून पुढे येते. पुढची प्रसूती मग इतर कोणत्याही प्रसूतीसारखी होते. हनुवटी वरच राहिली तर कपाळ आधी टेकते, तेच पुढे सरकते, आणि मूल आकाशाकडे तोंड करून जन्माला येते. तिसरा प्रकार त्रासाचा. त्यात मस्तक अर्धे वळून आडवे होते आणि मध्येच अडकून राहते, आणि कळा कितीही जोराच्या असल्या तरी मग पुढे सरत नाही. ह्या तिन्हींपैकी काय होणार, हे आरंभी कोणालाच सांगता येत नाही. ते वाट पाहूनच कळते.

जाणत्या परिचारिकेला ह्या स्थितीचा संशय पोटाकडे पाहूनच येतो. बेंबीच्या खाली जेथे मुलाची गोलसर पाठ दिसावयाची तेथे खोलगट भाग दिसतो, हात लावला की चिमुकले हातपाय पुढेच लागतात, आणि मुलाचे ठोके मध्यावर नीट न सापडता कुशीच्या बाजूस सापडतात. आतून तपासताना खूण मिळते ती टाळूची. मोठी टाळू चौकोनी आणि मऊ, मागची लहान टाळू त्रिकोणी. चौकोनी टाळू पुढच्या बाजूस आणि सहज बोटाला लागली की मूल उताणे आहे व त्याची हनुवटी वर आहे, असे समजावे. मात्र उशीर झालेला असला आणि मुलाच्या डोक्यावर सूज आली की ही खूण बुजते, आणि भले भले तज्ज्ञही येथे फसतात. म्हणून मोठ्या रुग्णालयांतून आता प्रसूतीच्या वेळी पोटावरून सोनोग्राफी करून मुलाचे डोळे कोणीकडे आहेत ते पाहून घेतात.

आता वेदनेविषयी. आपल्याकडे पहिलटकरीण म्हणते, “माय, पोटात काहीच नाही, समदं कंबरंतच दुखायलंय,” आणि घरातील वडीलधाऱ्या बायकांपैकी एखादी हमखास सांगते की कळा पोटात आल्याशिवाय त्या कळा नव्हेत, दवाखान्यात जाऊन उगीच परत यावे लागेल. हा सल्ला घातक आहे. ठरावीक अंतराने येणारे, वाढत जाणारे आणि पोट कडक करणारे कमरेचे दुखणे ही वेणाच होय, मग ते कोठेही जाणवो. उलट, कमर दुखते म्हणजे मूल उताणेच, असाही दाखला देता येत नाही. बोस्टन येथे वारंवार सोनोग्राफी करून स्त्रियांची जी पाहणी झाली आणि २००५ साली प्रसिद्ध झाली, तीत मूल उताणे असलेल्या व नसलेल्या स्त्रियांच्या कमरदुखीत फरक आढळला नाही. पाठ्यपुस्तकांतून इतकी वर्षे चालत आलेल्या एका विधानाला त्यामुळे धक्का बसला. अनुभवी सुइणी मात्र अजूनही आपल्या मताला चिकटून आहेत, आणि त्यांना सर्वस्वी चूक ठरविण्याची माझी तयारी नाही.

पाणमोट लवकर फुटणे आणि वेळेआधी जोर करावासा वाटणे, ह्या दोन गोष्टी ह्या प्रसूतीत पुष्कळदा घडतात. डोक्याची कठीण मागची बाजू मातेच्या गुदाशयावर दाब देते, त्यामुळे गर्भपिशवीचे तोंड सात-आठ सेंटिमीटरच उघडलेले असताना तिला शौचाची भावना होते. भोवतालच्या बायका “लाव जोर, लाव जोर” असा गजर करतात, आणि त्या जोराने पिशवीचे तोंड उघडण्याऐवजी सुजते. अशा वेळी तिला कुशीवर किंवा गुडघ्या-हातांवर ओणवे करावे, तोंडाने लहान लहान श्वास सोडावयास सांगावे, दर दोन तासांनी लघवीस न्यावे आणि पाणी पाजत राहावे. परभणीच्या मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर जातो, तेव्हा ह्या शेवटच्या सूचनेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. दोन्ही तळहात कमरेच्या खालच्या हाडावर ठेवून कळ येताच घट्ट दाबणारी एक सोबतीण लाभली, तर तिचे मोल मोठे. प्रसूतिगृहात अशी सोबत असू द्यावी हे केंद्र सरकारने २०१६ सालीच मान्य केले आहे. आणि दोन गोष्टी कोणत्याही परिस्थितीत करू नयेत : वरून पोट दाबणे, आणि घरी कोणाकडून तरी ‘कळांची सुई’ देवविणे. जे मस्तक वळण्यासाठी थांबले आहे, त्यावर मागून केलेली ही जबरदस्ती गर्भाशय फाडू शकते.

ओणव्या बैठकीचा विषय निघालाच आहे, तर जमीन सारवण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण ह्या बाबतीत आपल्या आज्या आणि सातासमुद्रापलीकडील सुइणी ह्यांचे आश्चर्यकारक एकमत झाले होते. शेवटच्या महिन्यात गरोदर बाईने ओणवे होऊन जमीन सारवावी, खाली बसून दळावे-निवडावे, म्हणजे बाळंतपण सुलभ होते, असे आपल्याकडे म्हणतात. न्यूझीलंडमधील जीन सटन ह्या सुइणीने १९९० नंतरच्या दशकात हेच निराळ्या भाषेत मांडले, की खुर्चीत मागे रेलून बसण्याच्या आधुनिक सवयीमुळे मुले उताणी राहतात, तेव्हा स्त्रियांनी पुढे झुकावे, हातगुडघ्यांवर यावे. कल्पना मोठी आकर्षक आणि तर्काला पटणारी होती. ऑस्ट्रेलियात अडीच हजारांहून अधिक स्त्रियांवर तिची परीक्षा झाली, निम्म्या स्त्रियांना अखेरच्या आठवड्यांत दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटे हातगुडघ्यांवर राहावयास सांगितले, आणि २००४ साली निष्कर्ष आला तो असा की, जन्माच्या वेळी उताण्या असलेल्या मुलांच्या प्रमाणात काडीचाही फरक पडला नाही. सारवण करणाऱ्या बाईने म्हणून सारवण सोडावे असे नाही. पण जिने ते केले नाही आणि जिचे मूल उताणे निघाले, तिला सासूने “काम केलं नाहीस म्हणून” असे ऐकविण्याचा अधिकार मात्र ह्या परीक्षेने काढून घेतला. वेणा चालू असताना हीच ओणवी बैठक कमरेच्या दुखण्यास उतार देते, हे पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने दाखविले, आणि तेवढ्यासाठी ती खुशाल वापरावी.

आता त्या मुदतीकडे वळू. वाट पाहणे हा ह्या प्रसूतीवरचा पहिला उपचार असला, तरी किती वाट पाहावी ह्याला काही हिशेब हवा. तो हिशेब कागदावर मांडण्याची रीत १९७२ साली फिलपॉट व कॅसल ह्या डॉक्टरांनी ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, बसविली. पिशवीचे तोंड तासाला एक सेंटिमीटर ह्या गतीने उघडते असे धरून त्यांनी एक तिरपी रेघ काढली, आणि तिच्या उजवीकडे चार तासांवर दुसरी. पहिली रेघ ओलांडली की बाईची रवानगी करावी, दुसरी ओलांडली की उपाय योजावा. मधले चार तास दूरच्या केंद्रातून मोठ्या रुग्णालयात पोहोचण्यासाठी राखलेले होते. आरोग्य केंद्रातील एकट्या परिचारिकेची अडचण ज्याने ओळखली असा हा कागद आहे. तासाला एक सेंटिमीटर ही अट पुष्कळ निरोगी स्त्रियांना लागू पडत नाही असे आढळल्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली नवा तक्ता दिला. त्यात पाच सेंटिमीटरांवर सहा तास थांबण्यास हरकत नाही, पण नऊ सेंटिमीटरांवर दोनच. मात्र मुलाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० ह्या मर्यादेबाहेर गेले किंवा पाणी हिरवट आले, तर सर्व मुदती रद्द समजाव्यात.

आपल्या जिल्ह्यात ह्या हिशेबात दोन खोटी निघतात. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत अजून कायम आहे, आणि उताणे मूल पहिलटकरणीतच अधिक आढळते. त्यामुळे नऊ महिन्यांच्या तपासण्यांचे दप्तर सेलूला आणि वेणा सोनपेठला, असा प्रकार होतो. माता-बाल संरक्षणाचे कार्ड लुगड्याच्या घडीत घालून माहेरी नेले तर निम्मी अडचण मिटते. दुसरी खोट ऊसतोडीची. गंगाखेड, पालम, सोनपेठ, पाथरी ह्या भागांतून दिवाळीनंतर जोडपीच्या जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात, आणि फडातल्या कोपीवर वेणा लागलेल्या बाईला कोणते आरोग्य केंद्र आपले, कोणती आशाताई आपली, हे ठाऊक नसते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून धावते आहे, आणि शासकीय दवाखान्यातील बाळंतपण, शस्त्रक्रिया, रक्त व जाण्यायेण्याचे वाहन २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये विनामूल्य आहे; पण बोलावणाऱ्याला आपल्या कोपीचा पत्ता सांगता आला पाहिजे. मुकादमाने उचल देताना जेवढी चौकशी केली, तिच्या एक दशांश चौकशी टोळीतील गरोदर बायांची केली आणि जवळचे आरोग्य केंद्र दाखवून ठेवले, तर कोणाचा पैसा खर्च होत नाही.

रुग्णालयात पोहोचल्यावर पुढे काय, हे थोडक्यात सांगतो. पिशवीचे तोंड पूर्ण उघडले असेल तर डॉक्टर हातानेच मस्तक वळवून पाहतात, आणि ह्या साध्या कृतीने पुष्कळ शस्त्रक्रिया टळतात. स्वीडनच्या माल्मस्ट्रॉमने १९५० नंतरच्या दशकात प्रचारात आणलेले निर्वाताचे उपकरण लावून मूल ओढून घेता येते. नॉर्वेच्या कीलंडने त्याही पूर्वी मस्तक वळविण्यासाठी निराळा चिमटा बनविला होता, पण तो चालविणारे हात आता दुर्मीळ झाले आहेत. ह्यांतले काही जमण्यासारखे नसेल तर सिझेरियन. मूल उताणेच जन्मले तर योनिमार्गाखालची जखम खोल असण्याचा संभव अधिक, म्हणून टाके घालण्यापूर्वी ती नीट तपासून घेतली आहे ना, हे विचारण्यास संकोच करू नये.

अशा मुलाचे डोके लांबट दिसते, कपाळावर किंवा टाळूजवळ सूज असते, कधी भुवईवर वळ उमटलेला असतो, आणि पाहावयास आलेली मंडळी कुजबुजतात. ही सूज बहुधा दोन-तीन दिवसांत उतरते, आकारही आठवड्याभरात पुष्कळसा बसतो. न्हाऊ घालणारी बाई तेल लावून डोके दाबून दाबून गोल करू पाहील, तिला तेवढे करू देऊ नये. सूज उतरण्याऐवजी वाढत गेली, मूल पिवळे पडले किंवा अंगावर ओढेनासे झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पुढील लेखांकी : वार अडकणे आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव.