'सॉल्ट ऑफ दि अर्थ' म्हणजे काय?

साध्या, सचोटीच्या आणि कष्टाळू माणसाला इंग्रजीत 'सॉल्ट ऑफ दि अर्थ', म्हणजेच 'पृथ्वीचे मीठ' म्हणतात. अंत्यविधीच्या प्रवचनातही हे शब्द कधी कधी आपल्या कानी पडतात. त्यांचा उगम मात्र पवित्र शास्त्रात आहे. पर्वतावरील प्रवचनात प्रभू येशूने आपल्या शिष्यांना हे नाव दिले (मत्तय ५:१३). बायबलच्या इंग्रजी भाषांतरांतून, विशेषतः १६११ च्या किंग जेम्स आवृत्तीतून, ते लोकांच्या बोलण्यात रुळले.

रायगडच्या किनाऱ्यावरील वाचकांना मिठाची थोरवी सांगावयास नको. उरण, पेण परिसरातील मिठागरांत खाडीचे पाणी घेऊन ते उन्हात आटवितात व मीठ गोळा करतात. पावसाळ्यापूर्वी हे काम उरकावे लागते. मीठ अन्नाला चव देते, मासळी टिकविते आणि स्वतः मात्र विरघळून दिसेनासे होते. शिष्याची सेवाही अशीच असावी.

परंतु प्रभूच्या वचनात गौरवाबरोबर इशाराही आहे. मिठाचा खारटपणा गेला, तर ते टाकाऊ ठरते. शुद्ध मीठ बेचव कसे होईल, असा प्रश्न पडेल. अभ्यासक सांगतात, की त्या प्रदेशातील मिठात इतर क्षार मिसळलेले असत. ओल लागून खरे मीठ वाहून गेले, की मागे पांढरा, पण बेचव गाळ उरे. तो दिसावयास मिठासारखाच असे. इंग्रजी वाक्प्रचारात गौरव तेवढा उरला, इशारा मात्र गळून गेला.

मराठीत आपण 'खाल्ल्या मिठाला जागावे' असे म्हणतो. तेथे मीठ देणारा दुसरा असतो व आपण त्याचे ऋणी असतो. शुभवर्तमानात आपण स्वतःच मीठ आहोत, तेही आपल्या घरापुरते नव्हे, साऱ्या पृथ्वीसाठी. पूर्वी स्नानसंस्काराच्या वेळी बालकाच्या जिभेवर आशीर्वादित मीठ ठेवीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ च्या सुधारित विधीत ही प्रथा राहिली नाही. जबाबदारी मात्र कायम आहे.

प्रभूने हे नाव मृतांना नव्हे, समोर बसलेल्या जिवंत माणसांना दिले होते. म्हणून आम्हांस वाटते, की दिवंगतांविषयी हे शब्द ऐकताना प्रत्येकाने स्वतःलाही विचारावे: रविवारच्या मिस्सानंतर बाजारात, कचेरीत व शेजारधर्मात आपला खारटपणा टिकून आहे काय?