वाघांची गणती आणि आकड्यांचा प्रामाणिकपणा

देशात वाघ किती, या प्रश्नाला एकच नेमका आकडा उत्तर म्हणून मिळावा, अशी सर्वसामान्यांची अपेक्षा असते. परंतु खानेसुमारीच्या प्रगणकाला वाघ दार उघडून देत नाही. त्याच्या संख्येचा अंदाजच बांधावा लागतो.

१९७२ च्या पहिल्या देशव्यापी गणनेत १,८२७ वाघ नोंदले गेले. पावलांच्या ठशांवरून एकेक वाघ ओळखावयाचा, ही तेव्हाची रीत. २००१-०२ मध्ये याच रीतीने संख्या ३,६४२ वर गेली. मात्र ओल्या मातीत आणि कोरड्या धुळीत एकाच वाघाचे पाऊल निराळे उमटते. शिवाय किती वाघ नजरेतून सुटले, याचा हिशेब या रीतीत नव्हताच. २००५ मध्ये राजस्थानातील सरिस्का येथे एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. आदल्या वर्षापर्यंत कागदावर तेथे वाघ नांदत होते.

सुटलेल्यांचा हिशेब संख्याशास्त्र मांडते. समजा, जंगलातील स्वयंचलित कॅमेऱ्यांनी पहिल्या फेरीत ४० वाघ टिपले. प्रत्येकाचे पट्टे वेगळे असल्याने ओळख पक्की होते. दुसऱ्या फेरीत ३० वाघ दिसले आणि त्यांपैकी २० ओळखीचे निघाले. याचा अर्थ, पहिल्या फेरीत एकूण वाघांपैकी सुमारे दोन तृतीयांश टिपले गेले होते. म्हणजे एकूण वाघ ६० च्या आसपास. दोन फेऱ्यांच्या दरम्यान वाघांची ये-जा वा जन्म-मृत्यू झाले नाहीत आणि कॅमेऱ्यासमोर येण्याची शक्यता सर्वांना सारखीच होती, ही अर्थात त्यामागील गृहीतके होत. उल्लास कारंथ यांनी १९९० नंतरच्या दशकात कर्नाटकातील नागरहोळे येथे ही पद्धत वाघांसाठी वापरली.

२००६ च्या देशव्यापी पाहणीत कॅमेऱ्यांचा आधार घेण्यात आला, तेव्हा अंदाज आला १,४११. पण त्यासोबत १,१६५ ते १,६५७ अशी मर्यादाही सांगितली गेली. ३,६४२ मधून १,४११ वजा करून तितके वाघ चार-पाच वर्षांत नाहीसे झाले, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. कारण मोजण्याची पट्टीच बदलली होती. २०२२ च्या पाहणीतही सरासरी अंदाज ३,६८२, तर वरची मर्यादा ३,९२५ अशी आहे.

ही मर्यादा वगळून एकच आकडा मिरविण्याचा मोह शासनाने आणि वृत्तपत्रांनीही आवरला पाहिजे. व्याघ्रप्रकल्पांवरील खर्च आणि जंगलालगतच्या गावांचे पुनर्वसन यांचे निर्णय या अंदाजांवर होतात. अनिश्चितता मान्य करणारा अंदाज चुकला, तर दुरुस्त करता येतो. सरिस्कासारखा निःशंक आकडा चुकल्याचे मात्र वाघ संपल्यावरच कळते.