चौथा कोपरा

तुमच्या गावात कुठे नव्या घराची आखणी चालू असेल, तर शाळेतून येताना दोन मिनिटं थांबून बघा. (लांबूनच हं! गवंडीकाकांच्या दोरीत पाय अडकवू नका.) जमिनीत खुंट्या ठोकलेल्या दिसतील, त्यांना सुतळी ताणून बांधलेली असेल आणि खाली पांढऱ्या फक्कीच्या रेषा. अजून एकही वीट रचलेली नसते, पण घराचे कोपरे काटकोनात येणार की नाही, ते तिथंच ठरतं.

काटकोन काढायला तुमच्या कंपासपेटीत गुण्या असतो. गवंडीकाकांकडेही लोखंडी गुण्या असतो, पण तो हात-दीड हात लांब. आणि भिंत समजा ४० फूट! गुण्या लावताना एका अंशाची चूक झाली, तर कोपऱ्याजवळ ती डोळ्यांना दिसायचीसुद्धा नाही. भिंतीच्या दुसऱ्या टोकाला मात्र ती आठ इंचांहून जास्त होते. मग फरशी बसवताना एका बाजूला अख्खी फरशी आणि दुसऱ्या बाजूला कापलेली चिंचोळी पट्टी. कोपऱ्यात कपाट ठेवलं, तर एका बाजूला फट. आणि तोवर भिंत काही हलवता येत नाही!

म्हणून दोरी वापरायची. कोपऱ्यापासून एका सुतळीवर ३ फुटांवर खूण करा, दुसरीवर ४ फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट भरलं, की तो काटकोन. जागा असेल तर ६, ८ आणि १० घ्यावेत. त्रिकोण जितका मोठा, तितकी चूक कमी. ही युक्ती फार जुनी आहे बरं का! यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणारी शुल्बसूत्रं आपल्याकडे आहेत. शुल्ब म्हणजे दोरी. बौधायनाच्या शुल्बसूत्रात ३ आणि ४ शिवाय १२ आणि ५, १५ आणि ८, ७ आणि २४ अशा जोड्याही दिल्या आहेत. प्रत्येकीची तिसरी संख्या तुम्हीच शोधा.

आता गंमत बघा. तीन कोपरे बिनचूक जमले, की चौथा वेगळा आखावा लागत नाही, तो आपोआप काटकोनात येतो! असं का? कागदाचा कसलाही वेडावाकडा त्रिकोण कापा. त्याचे तिन्ही कोपरे फाडून टोकाला टोक लावून शेजारी शेजारी ठेवा. खालची कड सरळ रेषेत येते, म्हणजे बेरीज १८० अंश. चौकोनाचा एक कर्ण काढला, की दोन त्रिकोण होतात, म्हणून चौकोनाच्या कोनांची बेरीज ३६०. त्यातून तीन काटकोनांचे २७० गेले, उरले ९०.

पण हा हिशेब चुकांनाही लागू आहे. तीन कोपरे प्रत्येकी ९१ अंशांचे झाले, तर चौथा ८७ चा होतो. तिघांच्या चुका तो एकटा भरतो, बिचारा! आणि एक कोपरा ९१ चा, दुसरा ८९ चा, तिसरा ९१ चा झाला तर? मग चौथा ८९ चा. बेरीज ३६० आणि समोरासमोरच्या भिंतीही सारख्या, तरी घर तिरकं! अशा वेळी जाणते गवंडी दोन्ही कर्ण मोजतात. ३० फूट रुंद आणि ४० फूट लांब घराचे दोन्ही कर्ण ५० फूट यायला हवेत. वरच्या तिरक्या घरात एक कर्ण सुमारे ५ इंचांनी लांब भरेल आणि दुसरा तेवढाच आखूड. डोळ्यांना न दिसणारा एक अंश टेपवर असा दहा इंचांचा होऊन दिसतो. आज आई-बाबांना टेपचं दुसरं टोक धरायला सांगा आणि घरातल्या एका खोलीचे कर्ण मोजा. भिंती आता हलणार नाहीत, तेव्हा भांडण नको!

जाता जाता एक कोडं. एका चौकोनी घराला बाजूला ओसरी जोडली आणि नकाशा काटकोनी पट्टीसारखा झाला. कोपरे सहा, सगळ्या भिंती काटकोनात. सहा नव्वदे ५४०. पण सहा कोपऱ्यांच्या आकृतीत चार त्रिकोण होतात, म्हणजे बेरीज ७२० हवी. मग १८० अंश गेले कुठे? कागदावर काढा आणि आत उभे आहोत असं समजून प्रत्येक कोपरा मोजा. पाच कोपरे ९० चे आहेत. सहावा, जिथं भिंत आत वळते तो, आतून २७० चा आहे! त्याला प्रविशाल कोन म्हणतात. पाच नव्वदे ४५० आणि २७०, झाले ७२०.

आता तीन बाजूंना वर्ग आणि मध्ये पटांगण अशी शाळा काढा. कोपरे आठ, त्रिकोण सहा. त्यातले २७० चे कोपरे किती?