एकोणतीसचा पाढा होईपर्यंत

इथे ऑस्ट्रेलियात दिवाळी वसंतात येते, हे आता पेणच्या माझ्या भावालाही पाठ झालंय. घरोघरी फराळाचे डबे फिरत असतात आणि त्याच सुमारास हॉक्सबरीच्या खोऱ्यात सिकाडा ओरडायला लागतात. त्यामुळे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी माझं अर्धं लक्ष पूजेत आणि अर्धं मागच्या निलगिरीवर असतं. बायकोने त्याबद्दल बोलणं सोडून दिलंय. संपादकांनी यंदा मोसमभरातल्या बास माशाच्या लुअरांचा, म्हणजे कृत्रिम आमिषांचा, सरळ आढावा मागितला आहे. सरळ लिहीन असं कबूल केलंय खरं, पण ज्यांनी माझे आधीचे लेख वाचलेत ते हसतील.

आधी एक भांडण उरकून घेतो. आपली नवी मंडळी अमेरिकन व्हिडिओ बघतात आणि तळहाताएवढे लुअर घेऊन कोलो नदीवर येतात. तो अमेरिकेतला लार्जमाउथ बास वेगळा, हा वेगळा. दोघांचं नाव सोडलं तर कुळही एक नाही. आपला बास म्हणजे क्वीन्सलंडच्या मेरी नदीपासून व्हिक्टोरियाच्या गिप्सलँडपर्यंत पूर्व किनाऱ्याच्या नद्यांत राहणारा. त्याचं तोंड त्या मानाने लहान. पाच-सहा सेंटिमीटरचा लुअर त्याला पुष्कळ होतो. मला विचाराल तर त्याचा खरा चुलता आपला जिताडा. रक्ताने नव्हे, वळणाने. आमच्याकडे मृगाच्या सरी आल्या की चढणीचे मासे अंडी घालायला वर चढतात. जिताडा उलट अंडी घालायला खाली खारट पाण्याकडे जातो. बासचंही तसंच. हिवाळ्यात तो नदी उतरून मचूळ पाण्यात जातो आणि वसंतात पुन्हा वर चढतो. खाडीकाठी वाढलेल्या माणसाला हे दोनदा सांगावं लागत नाही.

म्हणूनच न्यू साउथ वेल्समध्ये १ मे ते ३१ ऑगस्ट नदीतला बास ठेवायला बंदी आहे. एरवी दिवसाला दोन, आणि त्यातला ३५ सेंटिमीटरच्या वरचा एकच. मी एकही ठेवत नाही. यात पुण्यबिण्य काही नाही. हा मासा अतिशय सावकाश वाढतो, नदीतला मोठा बास वीस-वीस वर्षांचा निघतो. माझ्या थोरलीच्या लग्नाआधीपासून त्या डोहात राहणाऱ्याला कढईत घालवत नाही, इतकंच. शिवाय खरं सांगायचं तर जिताड्याच्या कालवणाची सर त्याला नाही.

सप्टेंबर उरकतो. मासा भुकेला असतो, पण पाणी गार असतं, वर बघायला तो तयार नसतो. खळाळ संपून डोह सुरू होतो तिथे सात ग्रॅमचा स्पिनरबेट किंवा छोटा बुडणारा लुअर टाकावा. पावसाने पाणी गढूळ झालं असेल तर स्पिनरबेटच. त्याच्या पात्याची थरथर माशाला अंगावरच्या रेषेतून कळते, डोळ्यांचं काम पडत नाही. बुडणाऱ्यांत पुष्कळ नावं घेता येतील. मला अजून तो फिनलंडचा जुना रापाला बरा वाटतो. १९३६ साली लाउरी रापालाने पहिला लुअर बुचातून कोरला, वर चॉकलेटची चांदी लावली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचं रोगण चढवलं. गरिबाच्या घरातून निघालेली वस्तू आहे, म्हणून जरा माया.

धरणांबद्दल लिहायला हवं, म्हणून लिहितो. ग्लेनबॉन, सेंट क्लेअर, क्वीन्सलंडात सॉमरसेट. या पाण्यात बासची पैदास होत नाही, कारण खारं पाणी गाठायला वाटच नसते. हॅचरीतली पिल्लं आणून सोडतात, ती खाऊन-पिऊन गलेलठ्ठ होतात. त्यांना धातूची ब्लेड, लिपलेस लुअर, प्लॅस्टिकची मऊ शेपटी यातलं काहीही खोलवर नेऊन दाखवा. त्यासाठी आता होडीवर सोनार बसवतात. कान टोचायला सोनार लागतो हे ठाऊक होतं, मासा शोधायलाही लागतो हे इथे येऊन कळलं. पडद्यावर मासा दिसतो, त्याच्याकडे जाणारा लुअर दिसतो, माशाने तोंड फिरवलं तर तेही दिसतं. गेल्या वर्षी एका सद्गृहस्थांनी मला ऐकवलं की पाण्याच्या पृष्ठभागावरचे लुअर ही म्हाताऱ्यांची हौस आहे, आकडे बघा, मोठे मासे खोलातच लागतात. लागतात ना! बँकेत पैसेही तिजोरीतच असतात. तिथे जाऊन मोजत बसायची हौस मला नाही.

आता माझ्या विषयाकडे येतो.

नोव्हेंबर लागला की सिकाडा जमिनीतून वर यायला लागतात. वर्षानुवर्षं मुळांचा रस पीत अंधारात काढलेली असतात. एका रात्री खोडावर चढतात, कात टाकतात आणि सकाळी गायला लागतात. आपल्या रातकिड्याशी यांची तुलना करू नये. एक झाड भरलं की खाली उभं राहून बोलता येत नाही. सिडनीच्या पोरांनी यांना काय सुंदर नावं ठेवली आहेत! हिरवा तो ग्रीनग्रोसर, म्हणजे भाजीवाला. त्याच जातीचा पिवळा निघाला की तो यलो मंडे, पिवळा सोमवार. पीठ माखल्यासारखा दिसतो तो फ्लावरी बेकर. काळा तो ब्लॅक प्रिन्स, आणि सगळ्यांत मोठ्या आवाजाचा डबल ड्रमर. यातला एखादा उडताना चुकतो, फांदीवरून निसटतो आणि पाण्यात उताणा पडतो. सुलटं होता येत नाही. पंख फडफडवत एका जागी गोल फिरत राहतो. खाली डोहात बास उभाच असतो.

हा किडा मला दाखवला विंडसरच्या आमच्या जुन्या शेजाऱ्याने. निवृत्त सुतार. मी १९८०च्या दशकात इथे आलो तेव्हा गांडूळ लावून गरवत बसायचो, काकांनी शिकवलं तसं. दोन रविवार त्याने ते पाहिलं आणि तिसऱ्या रविवारी मला गॅरेजमध्ये नेलं. त्याच्याकडे फर्निचरमधून उरलेले रेड सीडरचे तुकडे होते. हे रेड सीडर म्हणजे आपल्याकडचा तूण, झाड तेच. हलकं आणि गुळगुळीत तासलं जाणारं लाकूड. साडेचार सेंटिमीटरचा तुकडा, डोक्याकडे रुंद, मागे निमुळता. पाठ सपाट, पोट गोल. पोटात पुढून एक तृतीयांशावर बारीक भोक पाडून त्यात शिशाचा एक छर्रा बसवायचा, म्हणजे पडताना लुअर नेहमी पोटावरच पडतो. पंख आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणाचे, मागे किंचित उचललेले. रंग काळा, आणि पोटाला नारिंगी पट्टा. तो पट्टा मी बायकोच्या नेलपॉलिशने द्यायचो. बाटली संपली की दुसरी आणून ठेवायचो, रंग मात्र कधी जुळला नाही. पाठीवर आजकाल दुकानदार जे डोळे, ठिपके, चकाकी काढतात ते गिऱ्हाइकासाठी असतं. मासा खालून बघतो, त्याला फक्त पोट दिसतं.

बाजारात आता मऊ पाठीचे जपानी सिकाडा मिळतात. उत्तम आहेत, मीही वापरतो. पण त्यांचा पडण्याचा आवाज मला पटत नाही. पाण्यावर पिकलेलं जांभूळ पडावं तसा आवाज हवा. फार जोराचाही नको, पण चोरटाही नको.

खरी विद्या त्यानंतरची. लुअर पडला की नवखा माणूस लगेच रीळ फिरवायला लागतो. आमचा सुतार काठी मांडीवर ठेवायचा आणि खिशातून तंबाखू काढून सिगरेट वळायला घ्यायचा. सिगरेट वळून होईपर्यंत लुअरला हात लावायचा नाही. पाण्यावरची वर्तुळं विरून जातात, मग आणखी थोडं थांबायचं, मग काठीच्या टोकाने एकच हिसका, पंख थरथरतील इतकाच. पुन्हा थांबायचं. मी सिगरेट ओढत नाही, म्हणून मी मनात एकोणतीसचा पाढा म्हणायला लागलो. दोनाचा पाढा म्हणणाऱ्यांना मासा लागत नाही, घाई होते. एकोणतीस चोकाला मी अजून अडखळतो, आणि माझे बहुतेक मासे त्या अडखळण्यातच लागलेत. आधी काहीच नसतं. मग पाणी आतून फुगल्यासारखं होतं आणि 'बूफ' असा आवाज येतो. इथले लोक त्याला बूफच म्हणतात. लुअर दिसेनासा होतो. तेव्हा लगेच हिसका मारायचा नाही. दोरा ताणला गेल्यावर काठी उचलायची, नाहीतर लुअर उडून आपल्याच तोंडावर येतो.

तिपदरी गळ काढून मी एकेरी गळ लावतो. सोडायचा मासा आहे, त्याचे जबडे फाडून काय मिळवायचं? यावरही वाद आहेत. म्हणे मासे निसटतात. निसटोत.

रात्रीचा प्रकार वेगळा. जानेवारीत दिवसभर चाळीस अंश तापलेलं असतं, तेव्हा अंधार पडल्यावर जावं. चंद्र नसला तर उत्तम. तिथे जिटरबग. अमेरिकेत फ्रेड अर्बोगास्टने तो १९३८ साली बाजारात आणला, तोंडाला वाडग्यासारखी धातूची पट्टी. संथ ओढला की डावी-उजवीकडे डोलत 'प्लॉप, प्लॉप' करत येतो. यात मात्र थांबायचं नाही, आणि रंग काळाच. उजळ लुअर अंधारात उठून दिसेल असं वाटतं, पण खालून आभाळाच्या उजेडावर काळीच सावली स्पष्ट दिसते. डोक्याला दिवा बांधावा, पण लावू नये. एकदा लावला तर समोरच्या खडकावर पाणघोरपड माझ्याकडे बघत बसली होती. त्यानंतर तासभर मन लागलं नाही.

मार्च-एप्रिलमध्ये सिकाडा गप्प होतात, मासा खोल उतरतो आणि खाली निघायच्या तयारीला लागतो. पुन्हा बुडणारे, पुन्हा स्पिनरबेट. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मी काठ्या पुसून ठेवतो.

लुअर कुठला, हे दुकान नव्हे, काठ ठरवतो, असं मी तीस वर्षं ओरडतोय. झाडावरून काय पडतं ते बघा आणि तसं टाका. पण काठच राहिला नाही तर काय बघायचं? वॉरगॅम्बा धरण १९६०चं. त्याच्या वरच्या वोलोंडिली, कॉक्स, काउमंग या नद्यांचा रस्ता बासला तेव्हापासून बंद. शोलहेवनवर टॅलोवा धरण १९७६ साली झालं. माशांना वर उचलून नेणारी लिफ्ट तिथे २००९ साली बसली. मधल्या तेहेतीस वर्षांत धरणाच्या भिंतीखाली येऊन धडका देणाऱ्या माशांनी काय पाहिलं असेल कोणास ठाऊक. लिफ्ट झाली हे चांगलंच झालं. मी मुद्दाम जाऊन बघून आलो, आणि लहान मुलासारखा खूश झालो. उरलेल्या काठांवरची झाडं शेतीसाठी तोडली गेली, पाण्यात पडलेले ओंडके होड्यांना अडतात म्हणून काढले. त्या ओंडक्यांखालीच तर मासा राहतो. आता हेच लोक विचारतात, हल्ली वर मासा का येत नाही?

कोलोची गोष्ट तर डोळ्यांदेखत घडली. वोल्गन आणि केपर्टी मिळून ही नदी होते, वोलेमाईच्या जंगलातून वाहत खाली हॉक्सबरीला मिळते. काठाला सुरूच्या रांगा. सुरू म्हटल्यावर कोकणातल्या माणसाला किनारा आठवतो, इथे तो गोड्या नदीच्या काठाने उभा असतो, पाण्यात मुळं सोडून. १९९८ साली एका वळणावर माझ्याकडचा सगळ्यांत चांगला सिकाडा, त्या म्हाताऱ्या सुताराच्या हातचा, एका सुरूच्या फांदीत अडकला. दोरा तोडावा लागला. मग दरवर्षी तिथून जाताना मान वर करून बघायचो. पंख गेले, रंग उडाला, पण लाकूड लटकत होतं. म्हातारा वारला त्या वर्षीही होतं.

२०१९च्या ऑक्टोबरअखेर वीज पडून गॉस्पर्स माउंटनची आग लागली ती पाच लाख हेक्टरांहून जास्त जंगल खाऊन थांबली. मग पाऊस आला आणि राख नदीत उतरली. उत्तरेला मॅक्ले नदीत तर राखेच्या चिखलाने माशांचे ढीग काठाला लागले. आमचा सुरू त्यातून वाचला होता, एका बाजूने होरपळून. पण २०२१च्या मार्चमध्ये पूर आला, २०२२च्या मार्चमध्ये आला, जुलैत पुन्हा आला. पुढच्या मोसमात मी त्या वळणावर गेलो तर काठच तीस पावलं मागे सरकला होता. झाड नव्हतं. नुसती वाळू.

यंदा १ सप्टेंबरला पुन्हा गेलो होतो. वाळूत सुरूची रोपं उगवली आहेत, गुडघ्याएवढी. स्पिनरबेटवर एकच बास लागला, वीतभर, सोडला. म्हाताऱ्याच्या हातचे तीन सिकाडा अजून चकलीच्या जुन्या डब्यात आहेत. भाऊबीजेनंतरच्या शनिवारी त्यातला एक काढणार आहे, कारण नात येणार आहे बरोबर. तिला एकोणतीसचा पाढा येत नाही, बाराचा येतो. सावकाश म्हटला तर बाराचाही चालेल, असं मी तिला सांगितलंय.