जुनी गाडी 'मिस' मारते तेव्हा : आधी निदान, मग खर्च

शिक्षक मित्रांनो, पालकहो, जळगाव-धुळे पट्ट्यात आपल्यापैकी कितीतरी जण एरंडोल-पारोळा मार्गाने जुन्या अल्टोने किंवा एमपीएफआय मारुती ८०० ने अपडाऊन करतात. या गाड्या एक दिवस झटके खायला लागतात, पिकअप जातो, सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते. मेकॅनिक म्हणतो, "मिस मारतेय, प्लग-कॉईल सगळं बदलून टाकू." थोडं थांबा. वर्ग नापास झाला म्हणून आपण अख्खं पुस्तक पुन्हा शिकवत नाही, आधी निदानात्मक चाचणी घेतो. इथेही तेच करायचं आहे.

दोन्ही गाड्यांचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. म्हणजे मिनिटाला ९०० फेरे असतील तर एका सिलिंडरमध्ये ४५० ठिणग्या. (पाचवीच्या मुलांना हे गणित जरूर द्या, आवडतं त्यांना.) एक सिलिंडर पेटला नाही तर एक तृतीयांश ताकद गेली. चार सिलिंडरच्या गाडीपेक्षा इथे थरथर जास्त जाणवते ती त्यामुळेच.

"चालतेय ना, चालू द्या" असं मात्र करू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. तो इतका तापतो की आतली जाळी वितळू शकते. प्लगच्या किमतीचं काम मग हजारोंवर जातं. अशी तापलेली गाडी वाळलेल्या गवतावर किंवा कडब्याजवळ उभी करणंही धोक्याचं.

पहिला प्रश्न : तीनपैकी कोणता? एमपीएफआयमध्ये प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असतो. गॅस किट असेल तर गाडी पेट्रोलवर घ्या, इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरची क्लिप काढून बघा आणि लगेच परत लावा. क्लिप काढल्यावर इंजिन आणखी लंगडलं तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर आजारी तोच. चालू इंजिनात प्लगची वायर मात्र हाताने ओढू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात. स्कॅनर लावला आणि पी ०३०२ आलं तर दुसरा सिलिंडर, पी ०३०० आलं तर ठरावीक एक नाही. पण बऱ्याच जुन्या गाड्यांत मिसिंगचा कोडच येत नाही, म्हणून क्लिपची युक्ती माहीत हवी.

आता अदलाबदल. इंजिन थंड होऊ द्या, गरम हेडमधून प्लग काढताना आटे जातात. समजा दुसरा आजारी आहे. त्याचा प्लग पहिल्यात घाला, पहिल्याचा दुसऱ्यात. मिसिंग पहिल्यात गेलं तर दोष प्लगचा. नाही गेलं तर कॉईल किंवा वायर अशीच बदलून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या तर उत्तर कळत नाही. प्लगचा चेहराही वाचा : पेट्रोलने ओला म्हणजे ठिणगी नाही, काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट म्हणजे इंजिन तेल खातंय. इंजेक्टर चालतो का हे ऐकूही येतं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवून मूठ कानाला लावा, टिकटिक यायला हवी.

कधी मिस मारते हेही लिहून ठेवा. कन्नड घाट चढताना मारते, सपाटीला नाही? चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, तिथे कमजोर प्लग-कॉईल उघडी पडते. पेट्रोलचा दाब कमी असला तरी असंच होतं. फक्त उभी असताना मारते, वेगात नाही? फाटलेल्या व्हॅक्यूम पाइपमधून जादा हवा शिरत असेल. पहिल्या पावसात मारते? वायरीला तडे असतील. रात्री बॉनेट उघडून अंधारात बघा, ठिणग्या बाहेर उडताना दिसतात. मे महिन्यात गाडी तापल्यावरच मारते? कॉईलवर संशय घ्या.

ठिणगी ठीक, पेट्रोल ठीक, तरी तोच सिलिंडर मेला असेल तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. कमी आलं तर प्लगच्या भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वाढला तर रिंगा झिजल्यात, तसाच राहिला तर बहुतेक व्हॉल्व्ह. वर्षानुवर्षं गॅसवर चाललेल्या गाडीत व्हॉल्व्हच्या सीट झिजून टॅपेटचा गॅप कमी होतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. अशा वेळी हेड खोलायच्या आधी टॅपेट तपासून घ्या, कधीकधी तेवढ्यावरच भागतं.